मातीवरली शिरोरेखा

खानापूरशी परगावच्या माणसाचा पहिला परिचय होतो तो मातीतून. बेळगावाहून लोंढ्याकडे निघालेली आगगाडी देसूर, इदलहोंड मागे टाकून या शिवारात शिरली, की झाडीच्या हिरव्या रंगाखालून तांबडा रंग डोकावू लागतो. मग विटांच्या रांगा, मग एखादे धुराडे. कणकुंबीच्या डोंगरात जन्मलेली मलप्रभा गावाजवळून वाहते. तिच्या काठच्या मातीने कित्येक पिढ्या कुंभारांची चाके फिरती ठेवली, कौलांचे कारखाने चालविले. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकविणारी केंद्रीय संस्थाही याच गावी उभी राहिली. पुढे घरांवर सिमेंटचे स्लॅब आले, पत्रे आले आणि कौलांचे दिवस पालटले. माती मात्र होती तेथेच आहे.

या मातीवर शाईच्या यंत्राने अक्षरे उमटविण्याचा जो खटाटोप आम्ही दोन वर्षे चालविला, त्याची ही हकीकत. 'आम्ही' हा शब्द येथे केवळ लेखकी रीतीचा नव्हे. आम्ही खरोखरीच दोघे आहोत. एक प्रस्तुत लेखक, ज्याचे सारे आयुष्य खडू-फळ्याशी गेले. आणि दुसरा त्याचा भाचा, जो बेळगावच्या उद्यमबागेत नोकरी करतो आणि रविवारी आजोळच्या पडवीत स्वतःचे यंत्र घेऊन बसतो. बेळगावकडील माणसाला यंत्राचा नाद असणे नवलाचे नाही. किर्लोस्कर बंधूंनी १८८८ मध्ये सायकलींचे दुकान थाटले ते बेळगावात, आणि १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसण्यापूर्वी त्यांच्या यंत्रांची उमेदवारी झाली तीही बेळगावातच.

भाच्याचे यंत्र सीएनसी या जातीचे आहे. संगणकाने आकडे सांगावेत आणि त्याप्रमाणे एक हत्यार डावी-उजवीकडे, पुढे-मागे आणि वर-खाली सरकावे, एवढेच त्याचे काम. त्याच्या मोटारी सामान्य मोटारीसारख्या गरगर फिरत नाहीत. मोजून पावले टाकतात. एका फेऱ्यात दोनशे पावले, आणि प्रत्येक पावलाचे पुन्हा सोळा भाग. दातेरी पट्ट्यावरून हे गणित उतरले की हत्यार एक मिलिमीटर सरकण्यास ऐंशी बारीक पावले लागतात. या पावलांचा हिशेब ठेवणारा आर्डुइनो नावाचा फळा इटलीतील इव्हरेया गावी २००५ मध्ये जन्मला. त्यावर चालणारी जीआरबीएल ही आज्ञावली सिमेन स्वाले स्कोग्सेथ या नॉर्वेच्या गृहस्थांनी २००९ मध्ये लिहिली आणि जगास फुकट देऊन टाकली. त्या दानशूर माणसाचे आभार आमच्या पडवीत अनेकवार मानले गेले आहेत. भाच्याने यंत्र बांधले होते ते देव्हाऱ्यांच्या फळ्यांवर वेलबुट्टी कोरण्यासाठी. त्याच्या टोकाचे कोरणे काढून तेथे शाईचे हेड बसवावे, ही कल्पना आली ती पेंटरकाकांमुळे.

पेंटरकाका आमच्या आळीतच राहतात. मूळचे ते चोर्ल्याकडचे. बाजारात मराठी आणि कानडी, घरात कोकणी. चाळीस वर्षे त्यांनी या तालुक्याच्या दुकानांवर, शाळांवर, ट्रकांच्या पाठींवर अक्षरे काढली. गावात असा एक काळ होता की रस्त्याने जाताना डोळ्यांस पडणारे प्रत्येक दुसरे अक्षर त्यांच्या हातचे असे. पुढे नव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत फ्लेक्स आला. दहा फूट रुंदीच्या कापडावर तासाभरात नेत्याचा चेहरा छापून देणारी ती यंत्रे म्हणजे तरी काय? शाईचे थेंब नेमक्या जागी टाकणारी हेडे. तेव्हा ज्या जातीच्या यंत्राने काकांच्या हातचा ब्रश काढून घेतला, तेच आम्ही त्यांच्या शेजारघरी आणून बसवीत होतो. ही गोष्ट आम्हांस ठाऊक होती, आणि त्यांसही.

घडले ते असे. तालुक्यातील एका वाडीच्या देवळाचा जीर्णोद्धार झाला. देणगीदारांची त्रेपन्न नावे सभामंडपाच्या भिंतीवर यावयाची होती. मागे एकदा हीच नावे, किंबहुना यांच्या वाडवडिलांची, काकांनी तैलरंगाने काढली होती. ती चुन्याबरोबर गेली. पंचांपैकी तरुण मंडळींचे म्हणणे फ्लेक्स लावावा. वृद्धांचे म्हणणे ग्रॅनाइटवर कोरून घ्यावे. काका उठून म्हणाले, आपल्या मातीच्या पाट्या करू, भाजून घेऊ, शंभर वर्षे बघायला नको. पंचांनी जत्रेपर्यंतची मुदत दिली, नाहीतर फ्लेक्स. काकांनी शब्द तर दिला. पण त्यांचे वय आता सत्तरीच्या पुढचे. रंग भरण्यास हात अजून निवांत चालतो, आखणीस मात्र नजर पुरत नाही. आणि अक्षरांच्या कामात खरे कष्ट आखणीचेच. एक फूट लांबीच्या पाटीत 'कृष्णाबाई ज्ञानेश्वर म्हाळसेकर' बसवावयाचे आणि शेजारच्या पाटीत 'राम नाईक', आणि दोन्ही एकाच घरची दिसली पाहिजेत, यासाठी सूत मारून, मोजून, पुसून, पुन्हा मोजून निम्मा दिवस जातो. त्रेपन्न नावांस किती दिवस, हा त्रैराशिकाचा हिशेब शाळामास्तरास न सांगता कळला.

शाईचे थेंब फेकण्याची युक्ती मोठी गमतीची आहे. १९७७ मध्ये जपानमधील कॅनन कंपनीच्या प्रयोगशाळेत शाई भरलेल्या पिचकारीच्या सुईला डाग देण्याची तापलेली सळई चुकून लागली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. त्या उडालेल्या शाईत तेथील संशोधकांस छपाईचे नवे तत्त्व दिसले. सुमारे त्याच काळात अमेरिकेतील ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत स्वतंत्रपणे तीच कल्पना निघाली, आणि १९८४ मध्ये त्यांचे थिंकजेट नावाचे छपाईयंत्र बाजारात आले. त्याच्या हेडास बारा छिद्रे होती. प्रत्येक छिद्रामागे डोळ्यांस न दिसणारा एक तापक. त्यातून पाच-सहा मायक्रोसेकंद वीज सोडली की शाईचा पातळसा थर क्षणात उकळतो, वाफेचा बुडबुडा फुगतो आणि पुढला थेंब छिद्राबाहेर ढकलतो. बुडबुडा विरला की मागून नवी शाई येते. चहाच्या आधणाचे झाकण उडते तोच न्याय, फक्त सेकंदास हजार वेळा.

दुकानांच्या पावत्या छापणाऱ्या यंत्रांतून हे बाराछिद्री हेड पुढेही टिकून राहिले. हौशी माणसांस ते प्रिय होण्याचे कारण म्हणजे त्याचा साधेपणा: बारा छिद्रे, बारा तारा आणि एक सामाईक. नेदरलंड्समधील इव्हो दे हास या तरुणाने असलेच हेड घरच्या यंत्रावर बसवून भुकटीचे थर चिकटविणारे त्रिमिती यंत्र केले आणि आपले सारे आराखडे जगापुढे उघडे ठेवले. आमच्या भाच्याने ते रात्र-रात्र वाचले. आमच्या वाट्यास आले ते गणित तपासण्याचे काम.

गणित कोठे होते ते सांगितले पाहिजे. कारण या साऱ्या उद्योगाची गोम तेथेच आहे. यंत्रास जागा कळते, हेडास वेळ कळतो, आणि दोघांची भाषा निराळी. यंत्र एका कडेस थांबलेले असते. तेथून निघते तेव्हा एकदम वेग घेत नाही, बैलगाडीसारखे हळूहळू चालीस लागते, आणि दुसऱ्या कडेस पोहोचण्यापूर्वी पुन्हा मंदावते. हेडास जर सांगितले की सेकंदास अमुक थेंब टाक, तर सुरुवातीस आणि शेवटास थेंब दाटीवाटीने पडतील, मध्ये विरळ होतील. 'ज्ञानेश्वर' यातील ज्ञा गुदमरेल आणि र आखडेल. कचेरीतल्या छपाईयंत्राच्या पोटात यासाठी बारीक रेघांची एक पारदर्शक पट्टी असते. हेड सरकताना एक डोळा त्या रेघा मोजतो आणि रेघ दिसली की थेंब टाकतो. आमच्या यंत्रास अशी पट्टी नव्हती. पण मोटारीची पावले होती. मोटारीस पाऊल टाकण्याचा जो विजेचा इशारा जातो त्याच तारेस भाच्याने दुसरी तार जोडली आणि ती दुसऱ्या आर्डुइनोस दिली. हा दुसरा फळा दुसरे काही करीत नाही. पावले मोजतो आणि नेमक्या पावलावर थेंब सोडतो. यंत्र हळू चालो की जलद, थेंब जागेशी बांधला गेला. शिवाय पाटीच्या दोन्ही कडांस एकेक सेंटीमीटर मोकळी धाव ठेवली, म्हणजे वेग घेणे आणि सोडणे अक्षरांबाहेर होते.

आता थेंबांतील अंतर. हेडाची छिद्रे एका इंचास शहाण्णव या हिशेबाने आहेत, म्हणून आडवे थेंबही तसेच हवेत. इंचाचा शहाण्णवावा भाग म्हणजे ०.२६४६ मिलिमीटर, ऐंशी पावलांच्या हिशेबाने एकवीस पूर्णांक एक षष्ठांश पावले. यंत्र षष्ठांश पाऊल टाकू शकत नाही. सरसकट एकवीस धरली, तर फूटभर नावाच्या अखेरीस सव्वादोन मिलिमीटरांहून अधिक तूट येते. भाच्याने कागदावर हे लिहिले आणि आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "अरे, हा तर अधिक मास!" चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ पंचांगकर्ते जसा अधून-मधून एक महिना घालून राखतात, तसे येथे पाच थेंब एकवीस पावलांवर आणि सहावा बावीस पावलांवर. सहा थेंबांस एकशे सत्तावीस पावले, न कमी न जास्त. तेव्हापासून भाच्याच्या आज्ञावलीत त्या ओळीचे नाव 'अधिक' असे आहे.

पंचांगावरून आठवले. मराठीतील पहिले छापील पंचांग १८३१ साली मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी काढले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करता करता त्यांनी विद्या उचलली आणि घरच्या घरी लाकडी छापयंत्र बांधून, दगडाचे तुकडे जमवून, स्वतः शाई करून शिळाप्रेसचा खटाटोप आरंभिला. पडवीत बसून यंत्राशी झटणाऱ्या माणसांचे हे मूळपुरुषच म्हणावयाचे. आणि आमच्या कोकणी वाचकांस तर त्याहून जुनी गोष्ट ठाऊक असेल. १५५६ मध्ये ॲबिसिनियास निघालेला छापखाना गोव्यास उतरला आणि तेथेच राहिला. हिंदुस्थानातील तो पहिला. परंतु फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली राशोलास छापले गेले ते रोमन लिपीत. १६०८ च्या एका पत्रात त्यांनी देशी लिपीत छापण्याची इच्छा कळविली होती. अडचण सांगितली ती ही की युरोपात दोन डझन अक्षरांवर भागते आणि येथे जोडाक्षरे, काना-मात्रा धरून शेकडो साचे ओतावे लागतील. अ. का. प्रियोळकर यांनी छापखान्यांच्या इतिहासावरील आपल्या १९५८ च्या ग्रंथात हे सारे प्रकरण मांडले आहे. थेंबांनी छापणाऱ्या यंत्रास या साच्यांची बाधाच नाही. त्यास ज्ञ आणि क सारखेच. कोठे थेंब आहे आणि कोठे नाही, एवढेच तो जाणतो. स्टीफन्ससाहेबांची चारशे वर्षांवरची अडचण आमच्या पडवीत आपोआप सुटली, आणि तिच्या जागी दुसरी उभी राहिली.

ती शिरोरेखेची. बारा छिद्रांची उंची सगळी मिळून एक अष्टमांश इंच. हेड एकदा आडवे गेले म्हणजे सव्वातीन मिलिमीटरांहून थोडा कमी रुंदीचा पट्टा छापून होतो. मग यंत्र तेवढे खाली सरकते आणि दुसरा पट्टा. चाळीस मिलिमीटर उंचीच्या अक्षरास असे तेरा पट्टे. दोन पट्ट्यांच्या सांध्यात केसाएवढी फट राहिली, तर रोमन अक्षरांत ती चटकन दिसत नाही, कारण सांधा अक्षरास मधूनच कापतो आणि पुढे मोकळी जागा येते. देवनागरीत मात्र हेडाच्या धावेस समांतर अशी एक रेघ नावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेलेली. सांधा तिच्यात पडला की एक पांढरा केस सबंध नावाच्या डोक्यावरून धावतो. छिद्र एखादे तुंबले तरी तेच.

पहिली पाटी आम्ही काकांस दाखविली, तेव्हा त्यांनी ती उजेडाकडे तिरकी धरली आणि आपल्या घरच्या भाषेत म्हणाले, "हाची तकली फुटल्या रे." डोके फुटले आहे! पट्टे, सांधे, छिद्रे यांतले एक अक्षर त्यांस सांगितले नव्हते.

भाच्याने पाटी यंत्रावर काटकोनात फिरवून पाहिली. मग हेड शिरोरेखेस आडवे छेदू लागले, तिच्यातील फटी तुटक-तुटक झाल्या आणि डोळ्यांस खुपेनाशा झाल्या; पण आता सांधे कान्यांच्या अंगाने धावू लागले. शिरोरेखा वाचवावी तर काना जातो. या लिपीस आडवी आणि उभी अशा दोन्ही दिशांचे इमान पाळावे लागते, हे आम्ही इतकी वर्षे मुलांस तख्त्यावर अक्षरे गिरवावयास लावूनही कधी ध्यानात घेतले नव्हते. अखेर पाटी पुन्हा सरळ ठेवली आणि यंत्रास प्रत्येक वेळी बाराऐवजी सहाच छिद्रांएवढे खाली सरकविले. प्रत्येक ओळीवरून हेड दोनदा जाते. निम्मे थेंब पहिल्या धावेत, निम्मे दुसरीत, आणि दोन्ही वेळा छिद्रे निराळी. फट पडलीच तर अर्धी भरून निघते. सहा छिद्रांचे अंतर म्हणजे पुन्हा तीच एकशे सत्तावीस पावले, येथे अधिक मासही नको. परत येताना हेड काही छापीत नाही. कारण पट्ट्यात थोडाही सैलपणा असला तर जाता-येता पडलेले थेंब एकमेकांस जुळत नाहीत. एका पाटीस दहा-अकरा मिनिटे लागू लागली. तेवढ्यात एक चहा होतो.

काकांनी दुसरी पाटीही तिरकी धरली, बराच वेळ पाहिली. "आता बरी," म्हणाले. मग पाटी खाली ठेवून सावकाश विचारले, "म्हजें काम हें करतलें, मागीर हांवें कितें करचें?"

आम्हांपैकी कोणाजवळ याचे उत्तर नव्हते. मदतीस म्हणून आरंभिलेले काम इतके नीट जमले होते, की ज्याच्या मदतीस ते आरंभिले त्याची गरज उरली नव्हती. भाचा हेडाची टोके पुसू लागला. काकांनी त्या पहिल्या, डोके फुटलेल्या पाटीकडे हात केला. ती आम्ही बाजूस टाकली होती. कुंभाराकडून आणलेला काळा रंग त्यांच्या पिशवीत होता, मँगनीजचा, मातीत कालवलेला. त्यांनी ब्रश बुडविला आणि त्या पाटीवरच्या मोडक्या शिरोरेखेवरून एका दमात रेघ ओढली. हातात काही नसले की काही माणसे विडी ओढतात, तशी.

कुंभारवाड्यातील आवा त्या आठवड्यात पेटावयाचा होता. शाई भट्टीत टिकणार नाही हे पुस्तकी ज्ञान आम्हांस होते. टिकत नाही म्हणजे नेमके काय होते हे पाहावयाचे होते, म्हणून दोन्ही पाट्या इतर भांड्यांबरोबर आत दिल्या. भट्टीत वारा खेळता असला की कागदावरील सारी शाई, रंग असो की काजळी, जळून हवेत जाते. मागे डागही राहत नाही. तीन दिवसांनी आवा उकलला. दुसरी पाटी, जी आमच्या कारागिरीचा नमुना होती, ती तांबडीलाल आणि कोरी निघाली. पहिल्या पाटीवरही अक्षर एक नव्हते; मात्र वरच्या अंगाला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, काकांची शिरोरेखा तेवढी काळीभोर उमटून राहिली होती. खाली नाव नाही, वर रेघ.

कुंभारवाड्यातील म्हाताऱ्या आजी हसू लागल्या. काका हसले नाहीत. त्यांनी बोटाने रेघ घासून पाहिली.

भट्टीत टिकणारी शाई जगात नाही असे नव्हे. स्पेनमधील केराजेट कंपनीने २००० साली फरशांवर थेंबांनी छापणारे यंत्र पुढे आणले, आणि आज आपल्या मोरबीच्या कारखान्यांतून संगमरवराची शीर, सागवानाची रेष असे हवे ते फरशीवर छापून निघते. परंतु त्या शाईत धातूंच्या भस्मांचे कण असतात, एका मायक्रॉनहूनही बारीक दळलेले. ते तळाशी बसू नयेत म्हणून शाई सतत फिरती ठेवावी लागते, आणि ती फेकणारी हेडे उकळीवर चालत नाहीत, विजेने आकसणाऱ्या स्फटिकाच्या दाबावर चालतात. तो पसारा कारखान्याचा. आमच्या बाराछिद्री हेडात मँगनीज घातले असते तर पहिल्याच पाटीस त्याचे प्राण गेले असते. आणि खरे सांगावयाचे तर त्या दिवशी आवा उकलल्यानंतर आम्हांस त्या शाईची इच्छाही राहिली नव्हती.

भाचाच प्रथम बोलला. "काका, शाई जळून जाते तर जाऊ द्या की. आम्ही नुसती आखणी छापतो. भरायचं तुम्ही. भट्टीत आमचं जाईल, तुमचं राहील."

यानंतरचे काम सुरळीत झाले. यंत्रास भरीव अक्षरांऐवजी केवळ बारीक कडा छापावयास दिल्या. वाळलेल्या कच्च्या मातीवर थेंब पडताक्षणी शोषला जातो, पसरत नाही, त्यामुळे रेघ पेन्सिलीहूनही स्वच्छ येते. तांबड्या पाटीवर काळे अक्षर उठून दिसावे म्हणून कुंभाराने आधी पांढऱ्या मातीचा लेप दिला. पाट्या सुकताना कोपऱ्यांत उचलल्या जातात आणि हेड पृष्ठभागापासून दोन मिलिमीटरांहून दूर गेले की थेंब भरकटतात. त्यासाठी अर्धवट सुकलेल्या पाट्यांवर फळी ठेवून वजन ठेवले. खानापूरच्या हवेचे मात्र काही चालेना. पावसाळ्यात माती सुकत नाही, आणि फाल्गुन-चैत्रात माती झकास सुकते तर हेडाच्या छिद्रांत शाईही सुकते. कुंभारांचा हंगाम आणि शाईचा हंगाम यांचे वैर असल्यासारखे दिसते. दर चार पाट्यांमागे ओल्या फडक्यावर हेड टेकवून ठेवण्याचे काम आमच्याकडे आले. निवृत्त शिक्षकास शोभेल असेच ते आहे.

काकांनी आमच्या आखणीचे सर्वच ऐकले असे नाही. संगणकाच्या ळ वर त्यांचा पहिल्यापासून राग. दोन गाठी सारख्या का, असे ते विचारीत, आणि डावी गाठ आमच्या रेघेच्या आत ठेवून उजवी बाहेर फुगवीत. श्र ही त्यांनी आपल्या पद्धतीने काढला. फर्नांडिस या नावातील नां वरचा रफार आणि अनुस्वार आमच्या आखणीत एकमेकांस चिकटत होते; ते त्यांनी वेगळे केले. भाजल्यावर आमच्या रेघा गेल्या आणि या सुधारणा तेवढ्या राहिल्या, त्यामुळे आता कोठे यंत्राचे ऐकले होते आणि कोठे नाही, हे कोणास ओळखता यावयाचे नाही. आम्हांसही येत नाही.

मोबदल्याचा प्रश्न काकांनीच सोडविला. जुन्या रिवाजाप्रमाणे त्यांनी पंचांकडून अक्षरामागे दर घेतला, जोडाक्षर एकच धरून. काना, मात्रा आणि शिरोरेखा फुकट. आम्ही शाईचा आणि विजेचा खर्च तेवढा मागितला. त्यांनी त्यावर एक तृतीयांश ठेवला आणि म्हणाले, "आखणी करणाऱ्या पोराला आम्ही इतकंच देत होतो." भाच्यास आपण उमेदवार ठरलो याचा आनंद पैशांहून अधिक झाला, असे आमचे निरीक्षण आहे.

त्रेपन्नांपैकी दोन पाट्या आव्यात तडकल्या, त्या पुन्हा केल्या. २०२४ च्या जत्रेपूर्वी चार दिवस सभामंडपात साऱ्या पाट्या बसल्या. गर्दीतील लोक आपापली नावे शोधीत होते, बोट लावून वाचीत होते, लहान मुलांस उचलून आजोबांचे नाव दाखवीत होते. कोणीही यंत्राविषयी विचारले नाही. एका वृद्ध बाईंनी काकांस पाहून एवढेच म्हटले, "हात अजून तसाच आहे की वो तुमचा."

सध्या पडवीत एका शाळेच्या फाटकासाठी दुभाषी पाटी चालू आहे, वर कानडी आणि खाली मराठी. कानडी अक्षरांस अखंड शिरोरेखा नसते, बहुतेक अक्षरांच्या माथ्यावर आपापला तुरा असतो; तेव्हा वरच्या ओळीस पट्टा थोडा सैल असला तरी चालेल, असे काकांचे मत पडले. भाच्याने तरीही तो ताणून घेतला आहे.